तेवीस सेकंद

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तेव्हा
ब्रेंडानं क्लबचा पासवर्ड मला दिला,
दुकानाची किल्ली द्यावी तसा.
म्हणाली, आता तू बाहेरून खेळ.

तेव्हापासून वडगावच्या मैदानात
मी पालथ्या बादलीवर बसते.
फोनची काच डाव्या कोपऱ्यात तडकलीय,
आमची लेफ्ट विंग कायम
कोळिष्टकातून धावताना दिसते.
फक्त मलाच.

एकशे बारा फॉलोअर.
त्यात शिवलीलाचे एकच मामा, तीन नावांनी.
एक कुंद्याचं दुकान,
टॅग केलं म्हणून ज्यानं अर्धा किलो पाठवला.
आम्ही जर्सी मागितली होती.

उज्वलाची आई म्हणाली,
स्थळं बघूलालोय, तोंड दाखवू नको पोरीचं.
मग मी पाय घेतले.
पायही नकोत म्हणाली.
मग सावली घेतली, संध्याकाळी साडेपाचची,
लांबलचक, लाल मातीवर, पायाशी चेंडू.
तिला सगळ्यात जास्त लाइक मिळाले.
आई विचारत होती, कुणाची गे ही? उंच आहे.

आणि मग तो गोल.
नाझमीननं अर्ध्या मैदानातून मारला,
कीपर पुढं आलेली बघून.
मथुराच्या बापानं मागावरच्या उरल्यासुरल्या सुताची
जाळी गाठून दिलीय आम्हाला,
हिरवी, जांभळी, मध्येच जरीची एक तार.
चेंडू तिच्यात शिरला
आणि जर चमकली.

तेवीस सेकंद.
रात्री झोप अनावर झालेली,
झोपेत जी भाषा आली तिच्यात मी दोन ओळी लिहिल्या
आणि फोन उशाखाली सरकवला.

सकाळी चाळीस हजार.
पोटात गोळा आला, आनंदाचाच असेल असं वाटलं.
खाली वाचत गेले.
या भाषेत का? त्या भाषेत का नाही?
कुणाचं अन्न खाता?
गावाचं नाव नीट लिहा.
नीटच लिहिलंय, तू शीक.
एकाचा एक झेंडा, दुसऱ्याचा दुसरा,
तिसरा आमच्या आजोबांपर्यंत पोचलेला.
तीनशे साठ जण.
गोल कुणी मारला,
हे एकानंही विचारलं नव्हतं.

बाबा पानपट्टीवरून परत आले,
चप्पल काढता काढता म्हणाले, काढून टाक.
नाझमीनला मी काही सांगितलं नाही.
तिनं वाचलंच होतं.
बूट घालताना म्हणाली,
कीपर पुढं आलेली, हे तरी कुणाला दिसलं काय?

त्या दिवशी मी शूट केलं नाही, ऐकलं.
मैदानात बोलायला वेळ नसतो,
जो शब्द आखूड तो ओरडायचा.
दे! म्हणतात, कारण कोडु लांब पडतो.
बा! म्हणतात, ये म्हणतात, जे तोंडात असेल ते.
बिडु! म्हटलं की उज्वला चेंडू सोडते,
सोड! म्हटलं की शिवलीला सोडते,
आणि ब्रेंडा दोघींना शिव्या घालते
तिच्या आजीच्या कोकणीत.
रेफरीची शिट्टी तेवढी सगळ्यांना एकदम कळते,
तीही कुणाला पटत नाही.

रात्री तोच गोल पुन्हा टाकला.
खाली काहीच लिहिलं नाही.
आवाज राहू दिला: धाप, चिखलाची पचपच,
ठप्प,
आणि जाळीत सुताचं सूत ताणलं जाताना
जे बारीक किरकिरतं ते.
दोनशे सहा व्ह्यू. तीन मामा आलेच.

रविवारी कडोलीकडून एक पोरगी आली,
दहा-अकरा वर्षांची, दोन बस बदलून,
पायात भावाचे बूट, पुढं कागद कोंबलेले.
बरोबर बाप. तो कुंपणाबाहेरच थांबला,
आत यायला पैसे पडतात असं समजून.
पोरीनं काहीतरी विचारलं, अर्धं या भाषेत अर्धं त्या,
शेवटी कंटाळून जिभेनंच आवाज काढून दाखवला:
ठप्प, किर्रर्र.
ते इथंच ना?

मी फोन काढला, सवयीनं.
तडकलेल्या कोपऱ्यात ती येत होती.
मग फोन बादलीखाली ठेवला,
आणि तिच्या बुटातला कागद
नीट घडी करून परत बसवला.
टाच अजून सुटतेच.